खासगी विधेयक मांडलं म्हणजे कायदा झाला का? आणि होणारच नसेल, तर मांडायचं कशाला?

परळ_टीटी
ऑफिसच्या ग्रुपवर सारखा एकच मेसेज येतोय: 'सहानंतर बॉसचा फोन उचलायची गरज नाही, कायदा आला!' खाली टाळ्याच टाळ्या. आमच्यातल्या एका उत्साही मुलाने तर तो थेट मॅनेजरला पाठवला. म्हणून हा धागा.

कायदा वगैरे काही आलेला नाही. शुक्रवार, ५ डिसेंबर २०२५ रोजी खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत 'राइट टू डिस्कनेक्ट', म्हणजे कामाच्या वेळेनंतर ऑफिसच्या फोनला उत्तर न देण्याच्या हक्काचं विधेयक मांडलं, घडलं ते एवढंच. त्या मंत्री नाहीत, म्हणून हे खासगी विधेयक. अशा विधेयकांच्या वाट्याला शुक्रवारी दुपारचे शेवटचे अडीच तास येतात, तेही एक शुक्रवार सोडून, कारण मधला शुक्रवार खासगी ठरावांचा. नावं पुकारली जातात, सदस्य उठतो, विधेयक मांडायची परवानगी मागतो, सभागृह आवाजी मताने ती देतं, सदस्य बसतो. पुढचं नाव. चर्चा नाही, काही नाही. मग त्या ढिगातून चर्चेला कुठलं घ्यायचं, तर सोडत काढायची.

१९५२ पासून दोन्ही सभागृहांतून पार होऊन कायदा झालेली खासगी विधेयकं किती? १४. त्यातलं शेवटचं १९७० सालचं. सतराव्या लोकसभेत ७२९ मांडली गेली आणि चर्चेला आली दोन. सुळे यांनी याच विषयाचं विधेयक डिसेंबर २०१८ मध्येही मांडलं होतं. २०१९ ला लोकसभा विसर्जित झाली आणि तिच्याबरोबर तेही संपलं.

ज्याचा कायदा होणार नाही हे मांडणाऱ्यालाही पक्कं ठाऊक असतं, ते मांडून बातमी मिळवायची, याला मी लोकांच्या आशेवर पोळी भाजणं म्हणतो. त्याच दुपारी कनिमोळी यांनी फाशीची शिक्षा रद्द करण्याचं विधेयक मांडलं. 'देशात फाशी बंद' असा मेसेज आला कुणाला? नाही ना. कारण तिथे आपल्या पदरात काही पडणार नव्हतं.

कायदेकानू
मेसेज खोटा लिहिला कुणी तरी, आणि पोळी भाजली खासदाराने? हा कुठला न्याय?

आकडे बरोबर आहेत, पण त्यातून काढलेला अर्थ पटत नाही. खासगी विधेयक मंजूर व्हावं म्हणून क्वचितच मांडतात. सरकारला त्या विषयावर तोंड उघडायला लावणं हा त्याचा खरा उपयोग. राज्यसभेचे खासदार तिरुची शिवा यांचं तृतीयपंथीयांच्या हक्कांचं खासगी विधेयक घ्या. २४ एप्रिल २०१५ ला राज्यसभेने ते मंजूर केलं. त्याआधीचं खासगी विधेयक मंजूर होऊन कित्येक दशकं लोटली होती. लोकसभेत ते पुढे सरकलं नाही हे खरं, पण सरकारला स्वतःचं विधेयक आणावं लागलं आणि २०१९ मध्ये कायदा झाला. तुमच्या १४ च्या यादीत शिवा यांचं नाव कधीच येणार नाही. म्हणून ते बातमीसाठी होतं म्हणायचं का?

आणि परवानगी दर वेळी मिनिटात मिळते असंही नाही. डिसेंबर २०२२ मध्ये किरोडीलाल मीणा यांनी राज्यसभेत समान नागरी कायद्यासंबंधीचं खासगी विधेयक मांडायला घेतलं तेव्हा विरोधकांनी मतविभागणी, म्हणजे मोजून मतदान मागितलं. बाजूने ६३, विरोधात २३. नुसतं मांडण्यावरून! ज्याला काहीच किंमत नाही त्यासाठी एवढा घसा कोण कोरडा करेल?

परळ_टीटी
शिवा यांचं उदाहरण या वादात दर वेळी येतं, कारण दुसरं हाताशी नाही. शिवाय २०१९ चा जो कायदा आला तो शिवा यांच्या मसुद्यापेक्षा पातळ आहे, अशी तक्रार त्याच समाजातून झाली. ज्यांच्यासाठी मांडलं त्यांनीच रस्त्यावर उतरून विरोध केला. याला यश म्हणायचं तर म्हणा.

भिवंडी_रोडलाइन्स
तुम्ही दोघं कलमांत शिरलात. मी विधेयकाच्या पोटातलं बोलतो. माझ्या गाड्या गुजरात लाइनला असतात. रात्री दीडला चारोटीजवळ गाडी बंद पडली, तर मी सुपरवायझरला फोन करायचा नाही? आणि केला, त्याने उचलला नाही, तर मी सकाळी काही बोलायचंही नाही? नियम मोडला तर एकूण पगारबिलाच्या एक टक्का दंड आहे त्यात. बीकेसीतल्या कंपनीला तो चहापाण्याचा खर्च. आमच्यासारख्याचा सणाचा बोनस तिथेच जाईल. असली विधेयकं मांडणाऱ्याने एकदा गोडाऊनला येऊन बसावं. होत नाही कायदा तेच बरं आहे.

अनघा_मुलुंड
शेठ, तुमचा सुपरवायझर रात्री दीडचा फोन घेतो त्याचे तुम्ही वेगळे पैसे देता का? देत असाल तर तुमचं भांडण या विधेयकाशी नाहीच. कर्मचाऱ्याला फोन करू नका असं त्यात नाही. उत्तर दिलं नाही म्हणून त्याच्यावर कारवाई करू नका, आणि वेळेबाहेर काम करून घेतलंत तर मोबदला द्या, असं आहे. अडीनडीला कधी फोन करायचा हे मालक आणि कामगारांनी आपसात ठरवायचं, अशीच सगळी रचना आहे.

माझा क्लायंट अमेरिकेतला. त्याची सकाळ झाली की माझी भाजी फोडणीला पडलेली असते. घरी यायचं तेच लॅपटॉप उघडायला. यात अपघात कसला आणि गाडी बंद पडणं कसलं? हे रोजचं आहे आणि ठरवून केलेलं आहे.

भिवंडी_रोडलाइन्स
ताई, देतो की. रोख देतो, पण रजिस्टरला लिहीत नाही. उद्या लिहायला लागलं की इन्स्पेक्टर आलाच दारात.

वाचनमात्र
शेठ, हे इथे लिहायचं नव्हतं.

कायदेकानू
आता परळ_टीटी यांच्याच बाजूचा, पण त्यांनी न काढलेला एक मुद्दा. विधेयकात कर्मचारी कल्याण प्राधिकरण नेमायचं आहे. म्हणजे सरकारी तिजोरीतून खर्च आला. संविधानाच्या कलम ११७ (३) प्रमाणे संचित निधीतून खर्च लागणार असेल, तर राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय सभागृह ते विधेयक मंजूर करू शकत नाही. राष्ट्रपतींची शिफारस म्हणजे मंत्रिमंडळाची मर्जी. ज्या सरकारला ते नको आहे त्याच्याच हातात किल्ली. म्हणून जाणकार मसुदाकार खासगी विधेयकात शक्यतो नवं मंडळ, नवं प्राधिकरण घालत नाहीत. असलेल्याच कायद्यात दोन ओळी वाढवतात. इथे तसं केलं असतं तर एक अडथळा तरी कमी झाला असता.

परळ_टीटी
हेच तर मी म्हणतोय! कायदा व्हावा असं मनात असतं तर मसुदा तसा लिहिला असता.

गिरणगावची_सून
परळ_टीटी, नावात परळ आहे म्हणून विचारते. ना. म. जोशी मार्ग रोज ओलांडत असाल. ते जोशी कोण होते, माहीत आहे?

नारायण मल्हार जोशी मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नेमलेले सदस्य होते. मागे पक्षाचं बळ नाही, समोर इंग्रज सरकार. १९२० मध्ये कामगारांनी संप केला म्हणून मद्रासच्या बकिंगहॅम गिरणीच्या मालकांनी कामगार पुढाऱ्यांना कोर्टात खेचलं. युनियन काढणं हाच गुन्हा ठरायची वेळ आली. तेव्हा जोशींनी १९२१ मध्ये ठराव आणला की युनियनच्या नोंदणीचा आणि संरक्षणाचा कायदा सरकारने करावा. विधेयकसुद्धा नव्हतं, नुसता ठराव. सरकारने पाच वर्षं काढली, पण १९२६ मध्ये कायदा करावा लागला.

दुसरं ऐका. १९२४ मध्ये त्यांनी बाळंतपणाच्या रजेचं आणि भत्त्याचं विधेयक मांडलं. सरकारने विरोध केला, विधेयक पडलं. तुमच्या हिशेबाने प्रसिद्धीचा स्टंट. पण तोच विषय मुंबईच्या कौन्सिलात आला. १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी तिथे बाजू मांडली की गरोदर बाईला विश्रांती मिळणं हे देशहिताचं आहे आणि त्याचा भार उचलणं मालकाचंही काम आहे. १९२९ मध्ये मुंबई इलाख्याने कायदा केला, असा देशातला पहिला. सगळ्या देशाला लागू होणारा कायदा यायला १९६१ उजाडलं.

माझ्या सासूबाई गिरणीत वाइंडिंग खात्यात होत्या. बाळंतपणाची रजा त्यांना मिळाली, ती एका पडलेल्या विधेयकाच्या पुण्याईने. पडलेलं विधेयक वाया जातं, हे मला नका शिकवू.

परळ_टीटी
ताई, जोशींबद्दल आदरच आहे. पण जोशींच्या मागे गिरणगाव होतं. विधेयक पडलं तरी बाहेर भोंग्याबरोबर बंद पडणाऱ्या गिरण्या होत्या, आणि सरकारला भीती त्यांची होती. आज त्याच रस्त्यावर काचेच्या इमारतीत बसलेल्या आमच्यापैकी किती जण कुठल्या युनियनमध्ये आहेत? मी नाही. तुम्ही सांगताय ती पुण्याई विधेयकाची नाही, संपाची आहे.

अनघा_मुलुंड
मग काढा की युनियन. १९२६ चा कायदा सात माणसांत युनियन नोंदवू देत होता. मेसेजला टाळ्या देणारे सात नक्की निघतील.

वाचनमात्र
निघतील, फक्त सहानंतर.

हिशेबी_ठाणेकर
एक वेगळी तक्रार. शुक्रवारच्या अडीच तासांवर आपण एवढं भांडतोय, पण सरकारी विधेयक कसं येतं ते बघितलंत का? २०२५ चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा घ्या. २० ऑगस्टला लोकसभेत मांडला, त्याच दिवशी तिथे मंजूर. २१ ला राज्यसभा. २२ ला राष्ट्रपतींची सही. मुंबईत मुख्यालय असलेल्या ड्रीम११ ला भारतीय संघाच्या जर्सीवरून नाव काढायला जेवढा वेळ लागला, त्याहून कमी वेळात कायदा तयार. पैसे लावून खेळायच्या ॲपवर बंदी हवीच होती असं माझंही मत आहे. आमच्या सोसायटीतल्या एका पोराने बापाचा पीएफ त्यात घालवला. पण स्थायी समितीकडे महिनाभर पाठवलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं?

संसदेच्या खातेनिहाय २४ स्थायी समित्या आहेत, विधेयकाची नीट छाननी व्हावी म्हणून. सतराव्या लोकसभेत समितीकडे गेलेली विधेयकं साधारण १६ टक्के. पंधराव्यात हेच प्रमाण ७१ टक्के होतं. तीन कृषी कायदे २०२० च्या सप्टेंबरात असेच घाईने झाले, पुढच्या वर्षी नोव्हेंबरात तितक्याच घाईने मागे घेतले. मागे घेतानासुद्धा चर्चा नाही.

कायदेकानू
समितीकडे गेलं की काय होतं तेही सांगू. नवं प्राप्तिकर विधेयक फेब्रुवारी २०२५ मध्ये मांडलं आणि प्रवर समितीकडे, म्हणजे त्याच विधेयकापुरत्या नेमलेल्या समितीकडे गेलं. तिने २८५ सूचना केल्या. सरकारने जुनं विधेयक मागे घेऊन ११ ऑगस्टला दुरुस्त केलेलं नवं मांडलं. समिती मनावर घेते तेव्हा असं काम होतं.

हिशेबी_ठाणेकर
आणि ते दुरुस्त केलेलं नवं त्याच दिवशी लोकसभेत मंजूर झालं, तेही लिहा ना वकीलसाहेब.

कायदेकानू
लिहिलं असतं. तुम्ही संधी दिली नाहीत.

परळ_टीटी
म्हणजे एकीकडे सरकारी विधेयक तीन दिवसांत, दुसरीकडे खासगी विधेयक सात वर्षांनी पुन्हा पहिल्या पायरीवर. हे पाहून तरी कबूल करा की दिल्लीतल्या शुक्रवारवर डोळे लावून बसण्यात अर्थ नाही. कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे. राज्यालाही कायदा करता येतो. आपल्याकडे दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा आहेच, आला तेव्हा तो दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ऑफिसला लागू होता. त्यात दोन ओळी घाला, कायदेकानू म्हणतात तशा. नवं प्राधिकरण नको, राष्ट्रपतींची शिफारस नको. ताईंच्या जोशींनाही यश आधी मुंबईतच आलं ना? आमदार आपल्या गल्लीत भेटतो. खासदार गणपतीत.

गिरणगावची_सून
आता कसं बोललात! पण मग दिल्लीत कुणी विषय काढलाच नसता तर ही दुरुस्ती तुम्हाला सुचली असती का?

अनघा_मुलुंड
सुचून उपयोग काय? त्याच २०१७ च्या कायद्यात दिवसाचे ९ तास १० करायला राज्य मंत्रिमंडळाने ३ सप्टेंबर २०२५ ला मंजुरी दिली आहे. आठवड्याचे ४८ कायम, म्हणतात. तिमाहीतला ओव्हरटाइम १२५ तासांवरून १४४. तुम्ही ज्या दारात दोन ओळी घेऊन जाणार आहात, तिथून आत्ताच उलट्या दिशेची दुरुस्ती बाहेर पडली आहे. शिवाय मॅनेजर म्हणवणाऱ्यांना तो कायदा लागूच नाही. आमच्या कंपनीत चार वर्षं झाली की सगळेच मॅनेजर. हाताखाली कुणी नसलेले.

परळ_टीटी
हा मुद्दा मोठा आहे. पदाच्या नावावर न जाता प्रत्यक्ष कामावर व्याख्या हवी. मसुद्यात आधी तेच घालावं लागेल.

भिवंडी_रोडलाइन्स
घाला. पण वीसपेक्षा कमी माणसं असलेल्यांना सूट ठेवा. नाहीतर आमदाराकडे तुमच्या आधी मी जाऊन बसलेला असेन.

कायदेकानू
शेठ, या, एकत्रच जाऊ. अर्थसंकल्पी अधिवेशन मुंबईतच असतं. विधानसभेतही खासगी विधेयकांसाठी दिवस राखलेला असतो. मी दोन ओळींचा मसुदा या आठवड्यात इथे टाकतो. सूट वीसची की दहाची, यावर आधी तुमचं आणि अनघाताईंचं भांडण होऊन जाऊ दे.

अनघा_मुलुंड
दहा. आणि रात्री दीडचे पैसे रजिस्टरला.