कमी पैशात भारी लागलेली वाईन : तुमचे अनुभव लिहा

पुण्याहून, धागा सुरू करतेय

गेल्या महिन्यात दादा-वहिनीच्या लग्नाला 25 वर्षं झाली, आमच्याकडेच जेवण होतं, घरचेच 14 जण. दादाने हौसेने 3200 रुपयांची एक फ्रेंच लाल वाईन आणली होती. मी आपल्या अकलूजच्या फ्रातेल्ली वाईनरीची सांजोवेझे ही लाल आणि नाशिकची एक चेनिन ब्लाँ ही पांढरी आणली होती, दोन्ही मिळून त्या एका बाटलीपेक्षा बरंच कमी बिल झालं. भाचीला काय सुचलं, तिने तिन्ही बाटल्यांना पेपर गुंडाळला आणि वर 1, 2, 3 लिहिलं. पिणारे नऊ जण होतो, त्यातल्या सहा जणांनी 2 नंबरला हात वर केला, दादा पण त्यातच, आणि पेपर काढला तर ती अकलूजची निघाली. फ्रेंच बाटली अर्धी उरली, दुसऱ्या दिवशी पण कुणी मागितली नाही.

दादा तेव्हापासून एकच विचारतोय, "मग मी 3200 कशाचे दिले गं?" मला नीट उत्तर देता येत नाहीये.

म्हणून हा धागा. हजार-बाराशेच्या आतबाहेर, किंवा तुम्ही जिथे असाल तिथल्या साध्या बजेटमध्ये, अशी कुठली वाईन प्यायलात की जी किमतीपेक्षा खूप वरची वाटली, आणि का वाटली असेल तेही लिहा. ऐकीव नको, स्वतः प्यायलेलीच सांगा.

दिंडोरी तालुक्यातून

ताई, आमची द्राक्षबाग आहे, आधी सगळं थॉमसन आणि सोनाका होतं, 2006 पासून दोन एकर वाईनच्या जातीला दिलेत, म्हणून मी बागेच्या बाजूने सांगतो. खायच्या द्राक्षाचा एकरी 10-12 टन माल निघाला तर आम्ही खूश असतो. पण वाईनच्या चांगल्या प्लॉटवर 4-5 टनावर थांबवायला लावतात, जास्तीचे घड कापून खाली टाकायचे. माझ्या वडिलांना पहिल्या वर्षी ते बघवलं नव्हतं, बांधावर बसून राहिले होते. पण वेलीवर घड कमी राहिले की उरलेल्यात चव उतरते, दाणा बारीक, साल जाड, आत बिया, खायला मजा नाही पण तोच रस नंतर बाटलीत बोलतो. एप्रिलला खरड छाटणी, म्हणजे वेल वाढवायची, सप्टेंबर-ऑक्टोबरला गोडी छाटणी, म्हणजे फळ धरायची, आणि तोडा जानेवारी ते मार्च. युरोपात तोडा साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरला असतो, आपण थंडीचा फायदा घेतो. रात्री गार आणि दुपारी ऊन, यानेच आंबटपणा टिकतो.

आता पैशाचं. लाल वाईन लाकडी बॅरलमध्ये ठेवतात ना, ते नवीन फ्रेंच बॅरल एकच पाऊण लाखाच्या पुढे जातं आणि त्यात बसते 225 लिटर, म्हणजे 300 बाटल्या. तो खर्च बाटलीवर चढणारच. स्वस्त लाल वाईनमध्ये मग ओकच्या फळ्या नाहीतर चिपा टाकून तो वास आणतात, काही वेळा जमतं, काही वेळा नुसतं भुशासारखं लागतं. चेनिन ब्लाँ, सोविन्यो ब्लाँ यांना बहुतेक वेळा बॅरल लागतच नाही, स्टीलच्या टाकीत होतात. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की बजेट कमी असेल तर पांढरी घ्या, तुमचा पैसा लाकडात न जाता द्राक्षात जातो. फक्त बाटलीवरचं वर्ष बघून घ्या. साधी पांढरी वाईन जितकी ताजी तितकी चांगली, तीन-चार वर्षं दुकानात पडलेली स्वस्तात देतात ती घेऊ नका.

लाल हवीच असेल तर ज्या जातीचं फार नाव नाही ती बघा. निफाडकडे रेव्हेलो वाईनरीची नेरो दाव्होला आहे, ही जात मूळ सिसिलीची, आपल्या उन्हाला चांगली मानवते. कॅबर्नेचं नाव सगळ्यांना माहीत म्हणून सगळे तीच उचलतात.

नागपूर

दिंडोरीच्या दादांनी बागेतलं सांगितलं, मी घरातलं सांगते. तीन वर्षं मला वाटायचं आपल्याकडची शिराझ म्हणजे खोकल्याचं औषध. नुसतं गरम गरम अल्कोहोल नाकात जायचं. कारण कळलं ते मे महिन्यात, लाइट गेली होती म्हणून बाटली बर्फाच्या पाण्याच्या बादलीत ठेवली, कोल्ड्रिंकसोबत सहज, आणि अर्ध्या तासाने काढून प्यायलो तर मी नवऱ्याला विचारलं की ही तीच आहे का. काळी मिरी, जांभूळ, सगळं वेगवेगळं कळत होतं. लाल वाईन रूम टेम्परेचरला प्यायची असं जे सांगतात ते युरोपातल्या थंड घरांचं टेम्परेचर, 16 ते 18 डिग्री. आमच्याकडे मे महिन्यात पंख्याखाली 36 असतं!! आता नियम केलाय, लाल वाईन फ्रीजमध्ये 40 मिनिटं, पांढरी दोन-तीन तास, आणि पांढरी बाहेर काढल्यावर दहा मिनिटं थांबायचं कारण फार गार असली की चवच लागत नाही. एक रुपया खर्च नाही आणि 800 ची बाटली 1500 ची लागते, मी हे अगदी मनापासून सांगतेय, सगळ्यात आधी हे करून बघा.

दुसरं, दुकान बघा. आमच्या इथल्या एका दुकानात बाटल्या काचेच्या शोकेसमध्ये उभ्या, दुपारभर ऊन, एसी नाही. तिथून घेतलेल्या तीन बाटल्या लागोपाठ खराब निघाल्या, शिजवलेल्या फळासारखा वास, एकीचं बूच वर आलेलं. आता जिथे खप जास्त आहे आणि माल आतल्या गार खोलीत ठेवतात तिथूनच घेते, आणि खोकं उघडून आतली द्या म्हणते.

आणि सावजी मटणासोबत कडक लाल वाईन अजिबात नको. तिखटाने तोंड भाजलेलं असताना तो तुरटपणा दुप्पट लागतो, चांगली वाईन पण कडू वाटते. किंचित गोडसर चेनिन घेतली तर दोन्हीचं भलं होतं.

मूळ सांगलीचा, आता लीड्सला

इथे इंग्लंडमध्ये हिशोब वेगळा आहे पण तुमच्या दादांच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. इथे सरकारचा कर बाटलीतल्या अल्कोहोलवर असतो, वाईन स्वस्त की महाग याच्याशी त्याचा संबंध नाही. साध्या बाटलीला अडीच पौंडांच्या वर कर, मग व्हॅट, काच, बूच, वाहतूक, दुकानाचा नफा. सहा पौंडांच्या बाटलीत वाईनच्या वाट्याला पेन्समध्ये मोजावी इतकीच रक्कम येते, आणि नऊ-दहा पौंडांच्या बाटलीत ती कितीतरी पटीने वाढते कारण कर तेवढाच राहतो. मी आल्या आल्या सगळ्यात स्वस्त घ्यायचो आणि पैसे वाचले म्हणायचो. आता महिन्यातून चारच्या ऐवजी दोन घेतो पण नऊ पौंडवाली, आणि फरक जिभेला कळतो.

काय घेतो तर स्पेनच्या रिओहा भागातली लाल. लेबलवर क्रियान्झा लिहिलं असेल तर कायद्यानेच दोन वर्षं जुनी करून विकायची असते, त्यातलं निदान एक वर्ष बॅरलमध्ये. रेझर्व्हा असेल तर तीन वर्षं. म्हणजे थांबण्याचं काम त्यांनी केलेलं असतं, आपल्याला तयार वाईन मिळते, दुसरीकडे त्याच चवीला दुप्पट मोजावे लागतात. पोर्तुगालची दोरू खोऱ्यातली लाल पण बघा, पोर्ट वाईनची जी द्राक्षं तीच, पण साधी कोरडी, म्हणजे गोड नसलेली वाईन, गडद आणि भरलेली. एकदा बायकोच्या ऑफिसच्या लोकांना दिली, त्यातल्या एकाने वीस पौंडांची असेल म्हटलं, ती आठची होती.

बुडबुड्यांची हवी असेल तर शॅम्पेनचं नाव सोडा आणि स्पेनचा काव्हा घ्या. दुसऱ्यांदा आंबवणं त्याच बाटलीत होतं, पद्धत तीच. काव्हा कमीत कमी 9 महिने गाळावर, म्हणजे तळाशी बसलेल्या मेलेल्या यीस्टवर ठेवतात, रेझर्व्हा 18, ग्रान रेझर्व्हा 30. साध्या शॅम्पेनला गाळावर 12 आणि विकायच्या आधी एकूण 15 महिने लागतात. म्हणजे ग्रान रेझर्व्हा काव्हा साध्या शॅम्पेनपेक्षा जास्त थांबलेला असतो आणि तरी निम्म्या किमतीत मिळतो. फ्रान्सचाच हवा असेल तर क्रेमाँ. तोही बाटलीतच होतो, फक्त शॅम्पेन भागाच्या बाहेरचा.

पणजी

गोव्यात कर कमी म्हणून तीच बाटली महाराष्ट्रापेक्षा स्वस्त मिळते, पण परवान्याशिवाय सीमेपलीकडे नेऊ नका, इथे येऊनच प्या. आमच्या घरी दिंडोरीत बनणारी शान्दों ब्रुट ही बुडबुड्यांची वाईन आणि रव्यातली इसवणाची, म्हणजे सुरमईची तुकडी, एवढंच पुरतं. तळलेल्याचा तेलकटपणा तो फेस धुऊन काढतो, पुढचा घास परत पहिल्यासारखा लागतो. बटाटेवड्यासोबत पण करून बघा.

स्टुटगार्टजवळून

आमच्या गावाच्या मागेच द्राक्षाच्या टेकड्या आहेत. इथे शिकलेली एक गोष्ट म्हणजे लेबलवर गुट्सआबफ्युलुंग हा शब्द शोधायचा, म्हणजे ज्याची बाग त्यानेच बाटली भरली. रविवारी फिरायला गेलं की शेतकऱ्याच्या अंगणात सहा-सात प्रकार चाखायला देतात, आणि 8-10 युरोत रीसलिंग ही पांढरी वाईन मिळते जी माझ्या मते जगातली सगळ्यात कमी भावात मिळणारी मोठी वाईन आहे. जाहिरात नाही, मधला व्यापारी नाही. काबिनेट लिहिलेली घ्या, पुष्कळदा तिच्यात अल्कोहोल कमी असतं, थोडी गोड आणि भरपूर आंबट. आई आली होती तेव्हा भाकरी, ठेचा आणि पिठल्यासोबत तिला अर्धा ग्लास दिला, आयुष्यात पहिल्यांदा. ती म्हणाली, कैरीच्या पन्ह्यासारखं लागतंय पण डोक्यात जातंय. रीसलिंगचं याहून नेमकं वर्णन मी कुठे वाचलेलं नाही.

न्यू जर्सी

पुण्याच्या ताई, तुमच्या भाचीने केलं तेच 24 मे 1976 ला पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परिअर नावाच्या ब्रिटिश वाईन व्यापाऱ्याने केलं होतं. फ्रेंच परीक्षक, झाकलेल्या बाटल्या, आणि लाल व पांढऱ्या दोन्हींत कॅलिफोर्नियाच्या वाईन्स पहिल्या आल्या, फ्रान्सच्या बोर्दो आणि बर्गंडी भागांतली मोठमोठी नावं मागे पडली. आणि 2008 चा एक अभ्यास आहे, लोकांना एमआरआय मशीनमध्ये झोपवून एकच वाईन एकदा 10 डॉलरची सांगून पाजली आणि एकदा 90 ची सांगून. 90 ची ऐकल्यावर त्यांना ती नुसती जास्त आवडली असं नाही, मेंदूतला सुख नोंदवणारा भाग खरोखरच जास्त काम करत होता. म्हणजे किंमत माहीत असेल तर जीभ प्रामाणिक राहूच शकत नाही. म्हणून पेपर गुंडाळूनच प्यायला हवं, मी तर आता दोन-तीन महिन्यांतून एकदा चार घरं मिळून तसं करतो, प्रत्येकाने 15 डॉलरच्या आत एक बाटली आणायची.

आमच्यात सगळ्यात जास्त वेळा जिंकलेली म्हणजे चिलीची कार्मेनेर. ही जात मूळ बोर्दोची, चिलीत लोक कितीतरी वर्षं तिला मर्लोच समजत होते, 1994 मध्ये एका फ्रेंच तज्ज्ञाने पानं-वेली बघून ओळखली. भाजलेल्या सिमला मिरचीचा वास आणि खाली कोकोसारखं काहीतरी. भरल्या वांग्यासोबत इतकी सुंदर जाते की सांगता येत नाही.

दादर

मला हॉटेलबद्दल लिहायचंय कारण तिथे जीव जळतो. एका चांगल्या म्हणवणाऱ्या ठिकाणी ग्लासने मागवली, दुकानात जी पूर्ण बाटली मिळते तेवढे पैसे एका ग्लासाला, आणि वाईन उघडून चार-पाच दिवस झालेली, व्हिनेगरच्या वाटेवर. मी बदलून मागितली तर मॅनेजर म्हणाला ही अशीच असते. माझ्यासोबत पहिल्यांदा वाईन पिणारी मैत्रीण होती, तिने पुन्हा कधी हात लावला नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. तेव्हापासून बाटली कधी उघडली ते विचारल्याशिवाय मी ग्लास मागवत नाही. घरी उघडलेली बाटली, लाल असली तरी, बूच लावून फ्रीजमध्ये ठेवा, तीन दिवस बरी राहते.

पुण्याहून, मीच परत

सगळं दादाला वाचून दाखवलं. त्याने बसून हिशोब केला, परदेशी वाईनवर आपल्याकडे इतकी वर्षं 150 टक्के सीमाशुल्क बसत आलंय, वर राज्याचा कर, आयात करणाऱ्याचा आणि दुकानदाराचा नफा, म्हणजे त्याची 3200 ची बाटली तिकडे सातआठ युरोची साधी रोजची वाईन असणार. अकलूजच्या बाटलीला हे ओझंच नव्हतं. त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्याला मिळालं, आणि ती अर्धी उरलेली मी मटणाच्या रश्शात घातली, छान झाला होता.

नागपूरच्या ताईंचं ऐकून काल शिराझ 40 मिनिटं फ्रीजमध्ये ठेवली. खरंच मिरी लागते हो! दिंडोरीच्या दादा, एक विचारायचंय, या जानेवारीच्या तोड्याची चेनिन दुकानात कधी येईल?

दिंडोरी तालुक्यातून

मे-जूनपासून बघायला लागा ताई. आमचा प्लॉट 22 जानेवारीला तोडला, पहाटे चार वाजता बॅटऱ्या लावून, ऊन चढायच्या आत माल वाईनरीत पोचला पाहिजे म्हणून. वडील 78 वर्षांचे आहेत, ते पण क्रेट धरायला आले होते.