‘अंदाजानं टाक’ म्हणजे किती?

महालची_सून: काल इथं एकानं लिहिलं, “घरच्यांकडून स्वयंपाक शिकणं म्हणजे वर्षभर बोलणी खाणं. व्हिडिओ लावा, वजनकाटा घ्या, आठवड्यात मोकळे व्हा.” डोकंच फिरलं. मला आपला नागपुरी गोळाभात सासूबाईंनी शिकवला. हरभरा डाळीच्या भरड्यात तेलाचं मोहन किती? त्यांनी माझ्या मुठीत भरडा दाबला. मूठ उघडल्यावर मुटका टिकला की पुरे. हे काट्यावर कसं मोजाल? आणि भरडा तरी दर दळणाला सारखा असतो का? जरासा ओवा, अर्धवट शिजलेल्या भातावर गोळे, झाकण. बस.

काटेवाला: ती पोस्ट माझीच. मूठ तुमची वेगळी, सासूबाईंची वेगळी. आमची माय म्हणते ‘अंदाजानं टाक’, अन् चुकलं की सगळ्या आळीला सांगते. पाव किलो भरडा, पाच चमचे तेल, वहीत लिहिलं. खोलीवर एकटा करतो, कोणी टोकत नाही.

इतवारीचा_बाप्पा: थांबा! गोळाभातात ओवा? काऊन?? हिंग, तिखट, हळद, मीठ. वरून हिंग-लाल मिरचीचं कडकडीत तेल. ओवा कोणाच्या घरचा?

महालची_सून: आमच्या घरचा. चार पिढ्यांचा.

इतवारीचा_बाप्पा: चार पिढ्या चुकल्या म्हणजे बरोबर होते का ताई?

पुण्याहून_आलेली: ओव्याचं राहू द्या. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, “वरून सांबार टाक.” मी तुरीची डाळ शिजायला लावली! इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे मला कोण सांगणार? सांगितलं कोणीच नाही, हसले सगळे. अजून प्रत्येक लग्नात तो किस्सा निघतो. हेच का ते घरचं शिक्षण?

इतवारीचा_बाप्पा: सांबाराला सांबारच म्हणतात. तुम्हीच नाव बदललं.

पुण्याहून_आलेली: तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

धंतोली_४०: तुम्हाला हसले तरी स्वयंपाकघरात. मला आजीनं उंबऱ्यावरून हाकललं, “पोट्टे इथं काय करून राहिले?” बहिणीला पाटवडी, रस्सा, सगळं शिकवलं. आजी गेली, बहीण परदेशात. मी आता व्हिडिओ पाहून वड्या थापतो, रश्श्याला ती चव काही येत नाही. घरी शिका म्हणता. आधी घरात तर घ्या!

महालची_सून: हे मात्र खरं आहे दादा. माझ्या मुलालाही मी अजून पोळी लाटू दिली नाही. पिठाचा पसारा करतो म्हणून. पण काट्याचं मी मानणार नाही. वहीत ‘दोन चमचे तिखट’ लिहिलंय, भिवापुरी मिरचीचं की पाकिटातलं? जीभ पोळल्यावर काटा सांगेल का?

काटेवाला: तिखट मी मायकडूनच आणतो, तो मुद्दा नाही.

महालची_सून: 😂

काटेवाला: (दोन दिवसांनी) घ्या, खूश व्हा. नवीन दळण आणलं, तेच पाच चमचे टाकले, सगळे गोळे फुटले. मायला फोन केला. पहिला प्रश्न, “मूठ दाबून पाहिली का?”

इतवारीचा_बाप्पा: ओवा टाकला असंल.