भाजल्याचे व्रण आणि लोकांच्या नजरा: भाचीला काय सांगू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझी भाची (वय 16) शिक्षणासाठी आमच्याकडे कराडला राहते. गेल्याच्या गेल्या दिवाळीत पणतीवर ओढणी पेटून तिचा उजवा गाल, हनुवटी आणि मान भाजली. डोळा वाचला. त्वचारोपण झालं, दिवसातले 23 तास प्रेशर गारमेंट (व्रण दाबून ठेवणारा घट्ट कपडा) घालणं झालं. आता ते फक्त रात्री असतं. सिलिकॉन जेल आणि मानेचे व्यायाम चालू आहेत. उपचार नीट चाललेत, त्यामुळे कृपया तेलं आणि लेप सुचवू नका. मदत हवी आहे ती लोकांच्या बाबतीत.

गारमेंट होतं तोवर लोक आपुलकीनं चौकशी करायचे. पोरगी अजून बरी व्हायची आहे, असं त्यांना दिसत होतं. ते निघालं, व्रण दिसायला लागले आणि तेच लोक तिच्याशी बोलताना माझ्याकडे बघायला लागले. "ही चहा घेते का?" हेसुद्धा मलाच विचारतात. लहान मुलं सरळ विचारतात, "ताई, हे काय झालं?" त्याचं तिला काही वाटत नाही. मुलाचा हात ओढून त्याला गप्प करणारी आई मात्र तिला लागते.

सगळ्यात वाईट म्हणजे अ‍ॅसिडचा संशय. एका लग्नात शेजारच्या बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "अ‍ॅसिड का हो? मुलगा ओळखीतला होता?" मी पणतीचं सांगितलं. "हो का," म्हणाल्या, पण पटलं नव्हतं. आणि समजा अ‍ॅसिड असतं, तरी त्यात पोरीचा काय दोष? मग पुढचा प्रश्न ठरलेलाच: "लग्नाचं अवघड जाईल, नाही?" भाची शेजारच्याच खुर्चीवर होती.

स्कूटीवर स्कार्फ गुंडाळला की ती गावातल्या इतर मुलींसारखीच दिसते. आता तो स्कार्फ क्लासमध्येही उतरत नाही.

त्यात फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. 1980 साली अमेरिकेत डार्टमथ कॉलेजमध्ये झालेला प्रयोग आहे तो. काहींच्या चेहऱ्यावर मेकअपनं व्रण रंगवला, त्यांना आरशात दाखवला आणि नंतर क्रीम लावायच्या निमित्तानं त्यांच्या नकळत पुसून टाकला. तरीही समोरचा माणूस आपल्याशी अवघडून वागला, असं त्या लोकांनी सांगितलं. खाली नातेवाइकांचा शेरा: "बघ बाळा, सगळं आपल्या मनात असतं." प्रयोग खरा आहे, पण त्यावरून काढलेला अर्थ मला अजिबात मान्य नाही. त्या लोकांच्या चेहऱ्यावर व्रण नव्हता. हिच्या चेहऱ्यावर आहे आणि लोक बघतात, हे मी रोज तिच्याबरोबर चालताना पाहते. 1982 मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी तर रस्त्यावर नोंदी केल्या. चेहऱ्यावर डाग असलेल्या व्यक्तीपासून लोक जास्त अंतर ठेवून उभे राहत होते. मग तिला "तुझा भास आहे" कसं सांगायचं?

जूनमध्ये अकरावी, नवं कॉलेज, सगळे अनोळखी. अशा वेळी घरच्यांनी काय करावं? वर्गशिक्षकांशी आधी बोलावं का, की त्यानं ती आणखी वेगळी पडेल? आणि "काय झालं?" या प्रश्नाला तिनं दरवेळी उत्तर द्यायलाच हवं का? स्वतः अनुभव घेतलेल्यांनी सांगितलं तर फार बरं होईल.

निळीशाई: ताई, माझ्या गळ्यावर आणि हातावर लहानपणापासून भाजल्याचे व्रण आहेत. भास आहे असं तिला कधीच सांगू नका, नाहीतर ती तुम्हालाही सांगायची थांबेल. जेम्स पार्ट्रिज नावाचे ब्रिटिश गृहस्थ 18व्या वर्षी गाडीच्या आगीत भाजले होते. त्यांनी 1992 मध्ये चेंजिंग फेसेस ही संस्था काढली. तिथे शिकवतात ती पद्धत मला उपयोगी पडली: थोडक्यात सांगायचं, समोरच्याला निर्धास्त करायचं आणि विषय बदलायचा. "दिवाळीत भाजलं. आता दुखत नाही. तू कुठल्या शाळेतून आलीस?" बस, एवढंच. घरी मोठ्यानं म्हणून सवय करा. खोदून विचारणाऱ्याला "मला त्यावर बोलायचं नाही" हे पूर्ण उत्तर आहे. शिक्षकांशी बोलायचं की नाही ते तिला ठरवू द्या.

धागाकर्ती: मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. शिक्षकांना सांगायला तिची हरकत नाही, पण मी नाही, ती स्वतः सांगणार म्हणते. तिचा एक प्रश्न आहे: कुणी काही न विचारता नुसतंच टक लावून बघत असेल, तर तुम्ही काय करता?