तंबोरा नासत नाही, पण कारागिराचं काय?

"वाद्यं काही नासत नाहीत, टाळेबंदीत अडली तरी नंतर खपतातच," असं कोरोनाकाळातल्या वाद्य कारागिरांबद्दल कुणीतरी म्हटलंय. मला नाही पटत. मिरजेच्या सतारमेकरांचं घर नव्या तंबोऱ्यांइतकंच जुन्यांच्या दुरुस्तीवरही चालतं. तारांनी घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, झिजली की जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, बिघडते. मग कारागीर कानसेनं घोडी घासतो, तारेखालचं सूत सरकवतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा घासतो. हे फोनवरून कसं होणार? २०२० च्या मार्चपासून मैफलीच थांबल्या, डिसेंबरात पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सवही झाला नाही. जवारी काढायला तेव्हा येणार कोण होतं? त्यात तंबोऱ्यासाठी लागणारे पंढरपूरकडचे भोपळे आधीच घेऊन वाळवत ठेवावे लागतात, म्हणजे पैसा अडकलेलाच. माल उद्या विकता येतो, हुकलेली दुरुस्तीची मजुरी मात्र परत मिळत नाही.