लसविरोधी डॉक्टर आणि त्यांचे निष्ठावंत : आपले अनुभव लिहा

गोवराच्या साथीची बातमी आली की अँड्र्यू वेकफिल्ड हे नाव पुन्हा निघते. १९९८ मध्ये या ब्रिटिश डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवघ्या १२ मुलांवरचा शोधनिबंध ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला आणि एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लसीचा स्वमग्नतेशी (ऑटिझमशी) संबंध असावा, असा संशय जगभर पसरला. २०१० मध्ये तो निबंध मागे घेण्यात आला आणि त्याच वर्षी वेकफिल्ड यांचे नाव वैद्यकीय नोंदवहीतून काढून टाकण्यात आले. तरीही त्यांचे अनुयायी हटले नाहीत. असे डॉक्टर किंवा त्यांना मानणारी माणसे आपल्या नात्यात, कामाच्या ठिकाणी कोणाला भेटली असतील आणि त्यांच्याशी लोक कसे वागले हे पाहिले असेल, तर येथे सविस्तर लिहावे. खासगी नावे टाळावीत.

स्वान्सीहून
मी दक्षिण वेल्समध्ये परिचारिका आहे. २०१२-१३ मध्ये येथे गोवराची मोठी साथ आली, १,२०० हून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि एका तरुणाचा मृत्यू झाला. शनिवारी रुग्णालयांत लसीकरणाची खास सत्रे होत आणि रांगा पार बाहेरपर्यंत जात. रांगेत शाळकरी वयाची थोराड मुले पुष्कळ असत, म्हणजे वेकफिल्ड प्रकरण गाजत असताना ज्यांची लस राहून गेली होती ती. मुलाची बाही वर करताना एका आईने हलक्या आवाजात मला विचारले, “तुम्ही मला बोलणार तर नाही ना?” माझ्या काही सहकारी या आयांना पाठीमागे नावे ठेवत, ते मला पटत नसे. एमएमआरविरुद्ध मोहीम येथल्या स्थानिक वर्तमानपत्रानेच चालवली होती, आणि आपल्या तान्ह्या मुलाला ही लस दिली की नाही, हे सांगण्याचे २००१ मध्ये खुद्द पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी टाळले होते. असे असताना सारा दोष त्या बायकांच्या पदरात टाकणे सोयीचे होते, इतकेच.

मिनिआपोलिसहून
आमच्या मिनेसोटा राज्यात २०१७ मध्ये गोवराचे ७५ रुग्ण सापडले आणि त्यांत बहुसंख्य सोमाली-अमेरिकन मुले होती. या समाजातील मुलांच्या एमएमआर लसीकरणाचे प्रमाण २००४ मध्ये नव्वद टक्क्यांच्या वर होते, ते २०१४ पर्यंत ४२ टक्क्यांवर आले होते. मधल्या काळात वेकफिल्ड येथे येऊन पालकांना भेटून गेले होते. आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींत तेव्हा “हे लोक अडाणीच” असा सूर होता. त्याच मंडळींतील एक पीएच.डी. झालेले गृहस्थ त्याच डॉक्टरांची भाषणे सर्वांना पाठवत असत, त्यांना मात्र कोणी अडाणी म्हटले नाही.

नाशिकहून
माझे धाकटे दीर एका एमबीबीएस डॉक्टरांचे निस्सीम भक्त आहेत. रविवारी मंगल कार्यालयात त्यांचे शिबिर भरते. मी एकदा भाऊजींबरोबर गेले होते. डॉक्टर प्रत्येक बाईला काल घरात काय शिजले होते, झोप लागते का, सासूशी पटते का, हे विचारत होते आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबत होते. त्यानंतर “लस म्हणजे विष” हे वाक्य आले, तेव्हा समोरच्या बायका वहीत लिहून घेत होत्या. आमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे टोकन घेऊन तासभर बसावे लागते आणि आत गेल्यावर दोन मिनिटांत बाहेर यावे लागते, हेही येथे लिहिले पाहिजे. घरी परतल्यावर सासऱ्यांनी कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर भाऊजींना “अंधभक्त” म्हटले, चुलत दिरांनी हसण्याची चित्रे टाकली आणि भाऊजी गटातून बाहेर पडले. त्यांच्या मुलीच्या लसीचा विषय घरात काढणेच त्यानंतर बंद झाले.

पुण्याहून
मी बालरोगतज्ज्ञ आहे. वरील टोकनचा टोला रास्त आहे. एक भेद मात्र पाळावा, असे वाटते. सर्वोच्च न्यायालयाने कोविड लसीच्या प्रकरणात २ मे २०२२ रोजी कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही, असे सांगितले आणि त्याच निकालात सरकारचे कोविड लसीकरण धोरण अवाजवी नसल्याचेही म्हटले. ज्या याचिकेवर हा निकाल लागला, ती एका बालरोगतज्ज्ञांचीच होती आणि तिच्यात चाचण्यांची माहिती खुली करण्याची मागणी होती. माहिती मागणारा डॉक्टर आणि लसीला विष म्हणणारा डॉक्टर यांना आमच्याच व्यवसायातील मंडळी एका दावणीला बांधतात, आणि मग दुसऱ्याचे भक्त पहिल्याच्या नावावर निकालाचा अर्धाच भाग फिरवतात. नाशिकच्या ताईंना विचारावेसे वाटते, त्या मुलीला पुढे लस मिळाली का?

नाशिकहून
२०२२ मध्ये गोवंडीत गोवराची साथ पसरली, तेव्हा जाऊबाईंनी तिला माहेरी नेऊन पहिला डोस देऊन आणला. भाऊजींना अद्याप कोणी सांगितलेले नाही. दुसरा राहिला आहे.

पुण्याहून
मुलगी मोठी झाली असली तरी दुसरा डोस देता येतो, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. पहिल्या डोसाचे कार्ड तेवढे बरोबर न्यावे.