बाळाचे नवे कपडे: आधी धुता की तसेच घालता? अनुभव सांगा

गोदाकाठ
काल भाचीच्या बाळंतविड्यासाठी नाशिकच्या मेन रोडला गेले होते. झबली-टोपडी काढून दाखवता दाखवता दुकानातले काका आपण होऊन म्हणाले, "ताई, एकदा पाण्यातून काढा हं, मग घाला." विकणारा माणूसच असं म्हणतोय म्हटल्यावर मला लेकीचं बारसं आठवलं.

आत्याबाईंनी जरीच्या काठाचा फ्रॉक आणला होता. सासूबाईंचं म्हणणं, बारशाला कोरंच घालायचं, हळदीकुंकवाचं बोट लावायचं आणि पाळण्यात घालायचं. आईचं म्हणणं, बारा दिवसांच्या जिवाला ती खळ आणि ती जर टोचेल, आधी धुवा. दोघी आपापल्या जागी ठाम, आणि मी मधे बाळंतीण, टाके दुखतायत. शेवटी सासूबाईंनीच तोड काढली. आतून जुन्या मलमलीचं झबलं, वरून फ्रॉक. कानात नाव सांगून झालं, गोविंद घ्या गोपाळ घ्या झालं, फोटो झाले की फ्रॉक उतरवला. लेक झोपलेलीच.

आता मी स्वतः अंगाला लागणारं सगळं धुऊनच घालावं या मताची आहे. आहेर असो, महागडं असो, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. पण कोऱ्या कपड्यामागची हौसही मला कळते. तुमच्याकडे काय करतात? आणि या पावसात वाळवता कसे तेही सांगा.

शेवंती
धुतेच. प्रश्नच नाही.

भरली_वांगी
+१. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

सातपूरकर
आमच्याकडे उलटा प्रकार. कपडे सगळे धुतलेले, तरी पोराच्या मानेला आणि काखेत लाल चट्टे. बायको म्हणे साबण बदला, आई म्हणे दृष्ट लागली. तेव्हा आम्ही सोसायटीचं बोअरचं पाणी वापरायचो. ते इतकं जड की साबणाला फेस येत नाही, म्हणून आणखी साबण, आणि तो कपड्यातून निघतच नाही. वाळलेलं दुपटं झटकलं की पांढरी पूड उडायची. मग बाळापुरतं नळाचं पाणी, म्हणजे गंगापूर धरणाचं, वेगळ्या पिंपात भरून ठेवायला लागलो. शेवटचं विसळणं त्यात. चट्टे गेले. म्हणून माझं सांगणं एवढंच, धुण्यापेक्षा विसळण्याकडे लक्ष द्या. पाण्याला बुळबुळीतपणा राहिला तर अजून एकदा.

शेवंती
सातपूरकर, अगदी. सिडकोत आमच्याकडेही हेच. बादलीच्या बुडाशी पांढरा थर बसतो.

आजीची_ट्रंक
मुलींनो, आमच्या वेळी नवं घालायचेच नाहीत बाळाला बारशापर्यंत. आजेसासऱ्यांचं जुनं धोतर फाडून लंगोट, सासूबाईंच्या नऊवारीचं दुपटं. शेकडो वेळा धुऊन सायीसारखं मऊ झालेलं कापड ते. म्हणायचे, जुनं नेसवलं की बाळ जुनं होतं, म्हणजे आयुष्य वाढतं. मला वाटतं त्यात शहाणपण होतं. खळ नाही, कच्चा रंग नाही, टोचणारी शिवण नाही.

अजून एक सांगते, आता कोणाला माहीत नसेल. भद्रकालीत राहायचो तेव्हा कपडे परटाकडे जायचे. कोणाचे कोणते ते कळावं म्हणून परीट कोपऱ्यात बिब्ब्याच्या तेलानं खूण करायचा. माझ्या धाकट्या दिराच्या मानेवर बरोब्बर त्या खुणेच्या जागी फोड उठले, पाणी भरलेले. तेव्हापासून सासूबाईंनी बाळाचे कपडे कधी बाहेर दिले नाहीत. धुरी मात्र द्यायचो, ओवा आणि धूप निखाऱ्यावर टाकून वर टोपली पालथी, त्यावर झबली पसरायची. कपडा गरम व्हायचा आणि पावसाळ्याचा कुबट वास जायचा.

तिवंधा
आजी, भद्रकाली म्हणजे आमच्या शेजारच्याच तुम्ही! रहाडीत, म्हणजे रंगपंचमीच्या रंगाच्या हौदात, उडी मारून आलेल्या पोरांचे कपडे कितीदा धुवावे लागतात यावर वेगळा धागा काढा कोणीतरी. आमच्या दादाचा सदरा पाडव्यापर्यंत गुलाबी होता.

आजीची_ट्रंक
तो धुवायचा नसतो रे, पुढच्या रंगपंचमीला तोच घालायचा 😄 शनी चौकातली रहाड बघायला आम्ही माडीवर बसायचो.

टाकेटिपा
तिरुपूरला होजिअरीच्या कारखान्यात गुणवत्ता तपासायचं काम केलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. बाळाचे बरेचसे बनियन-झबली तिकडूनच येतात.

कापड तुमच्या हातात येईपर्यंत त्यावर बरंच काही चढतं. विणताना सुईचं तेल. मग ब्लीच, रंग. मग हाताला मऊ लागावं म्हणून सॉफ्टनर. शिवताना जमिनीवरची धूळ, कापसाची तूस. मग खोके, गोदाम, ट्रक, दुकानाचा माळा. मागावरच्या सुती कापडाला, म्हणजे तुमच्या फ्रॉक-कुंचीच्या कापडाला, मागावर चढवण्याआधी सुताला खळ लावतात ती वेगळी. मालेगावच्या कोणालाही विचारा, सायझिंग म्हणजे काय ते सांगेल. ती खळ नंतर काढतात, पण सगळी निघतेच असं नाही.

सुरकुती पडू नये असं ज्यावर लिहिलेलं असतं, त्याला रेझिन लावतात आणि त्यातून थोडं फॉर्माल्डिहाइड नावाचं त्रासदायक रसायन सुटतं. नवीन कपड्याच्या गठ्ठ्याचा जो डोळ्यांना झोंबणारा वास येतो ना, त्यात त्याचाही वाटा असू शकतो. ते पाण्यात विरघळतं, म्हणून पहिल्या धुण्यात मोकळं असलेलं बरंचसं जातं. जपानात १९७३ च्या कायद्याखाली दोन वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांत ते जवळपास नसावंच असा नियम आहे. इतकं ते मनावर घेतात. आपल्याकडेही घातक ठरलेल्या काही अ‍ॅझो रंगांवर १९९७ मध्ये बंदी आली. ओएको-टेक्सचं, म्हणजे कापडातली घातक रसायनं तपासल्याचं, लेबल दिसलं तर त्यात तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी सगळ्यात कडक वर्ग असतो. लेबल चांगलंच आहे, पण ते लागल्यानंतरची धूळ आणि हात कोणी मोजत नाही. म्हणून धुवाच.

आणि धुताना कपडा उलटा करा. आतले टाके, सुटे धागे, राहिलेली टाचणी, सगळं तेव्हाच दिसतं.

शेवंती
धाग्यांवरून लिहायचंच होतं. माझ्या नणंदेचं बाळ संध्याकाळपासून रडत होतं, काही केल्या गप्प होईना. पोट चोळलं, हिंग लावला, ओवा झाला. शेवटी आजीनं पायमोजे काढले तर आतला सुटा धागा अंगठ्याला गुंडाळलेला, बोट लालभडक सुजलेलं. वेळेवर दिसलं म्हणून निभावलं, डॉक्टरांनी भिंगातून बघून धागा कापला. हातमोजे-पायमोजे नवे असोत की जुने, उलटे करून धागे कापल्याशिवाय घालू नका. प्लीज.

भरली_वांगी
बापरे शेवंती 😟 आत्ता लगेच आमच्या मोज्यांचा डबा पालथा घातला. दोनात लोंबते धागे निघाले. कापले.

वरचं सगळं वाचलं नाहीये अजून पण माझा अनुभव काळ्या झबल्याचा. पहिली संक्रांत, बोरन्हाण. काळं झबलं आणि हलव्याचे दागिने हवेतच ना. शालिमारहून आणलं. आई म्हणाली मीठ घातलेल्या पाण्यात भिजव. टबातलं पाणी शाईसारखं झालं! तीनचार पाणी बदलली तरी निळसर यायचंच. पांढऱ्या रुमालावर ओलं करून घासून बघितलं तर रुमाल काळा. तेव्हा ते झबलं नाहीच घातलं, माझ्या जुन्या काळ्या सुती ओढणीचं शिवून घेतलं. चिरमुरे, बोरं, उसाचे करवे डोक्यावरून ओतले तेव्हा लेक इतकी हसली. हलव्याचे दागिने पण उघड्या अंगावर नको, टोचतात आणि चिकट होतात.

टाकेटिपा
भरली_वांगी, ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघणं हीच कारखान्यातलीही परीक्षा असते. मिठानं कच्चा रंग पक्का होत नाही, पण भिजवल्यानं सुटा रंग निघून जातो एवढा फायदा.

चंद्रकोर
मला आठवा लागलाय. सासरी पद्धत आहे की बाळ येण्याआधी घरात काही नवं आणायचं नाही. मग धुणार कधी? हॉस्पिटलच्या यादीत धुतलेले कपडे आणा असं स्पष्ट लिहिलंय. नवरा म्हणतो पद्धत मोडू. मला सासूबाईंना दुखवायचं नाहीये.

द्राक्षबाग
चंद्रकोर, मी हे कुठे लिहीत नाही पण तुझ्यासाठी लिहिते.

माझ्या पहिल्या वेळी सगळं आणून, धुऊन, घड्या घालून कपाटाचा एक खण भरून ठेवला होता. बाळ आलं नाही. घरी आल्यावर तो खण आवरायला कोणाला हात होईना. ही पद्धत अंधश्रद्धा म्हणून सोडून देता येईलही, पण ज्या बायकांनी ती पाडली त्यांनी असे खण बघितले असतील असं मला वाटतं.

दुसऱ्या वेळी पिंपळगावच्या माझ्या बहिणीनं सगळं तिच्या घरी ठेवलं. तिच्या मुलाचीच झबली, नवी फक्त दुपटी. तिनेच धुतली, वाळवली, स्वच्छ उशीच्या अभ्र्यात बांधून हॉस्पिटलमध्ये घेऊन आली. आमच्या घरात बाळाआधी काही आलं नाही आणि बाळाला कोरंही लागलं नाही. सासूबाईंना आधी सांग, त्याच कोणाचं तरी नाव सुचवतील.

गोदाकाठ
द्राक्षबाग ❤️ काय लिहू.

आजीची_ट्रंक
पोरी, देव तुझं आणि लेकरांचं भलं करो. बरोबर सांगितलंस.

चंद्रकोर
ताई, रडायलाच आलं. आज संध्याकाळी बोलते सासूबाईंशी. माझी मावशी नाशिकरोडलाच आहे.

पाळण्याची_दोरी
मी बालरोगतज्ज्ञ आहे. दोनच गोष्टी, ओपीडी सुरू व्हायच्या आत.

एक, जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुष्कळ बाळांच्या अंगावर लाल डाग आणि मधे बारीक पिवळट पुळी असं येतं. घरचे लगेच कपड्याला किंवा साबणाला दोष देतात. बाळ नीट पीत असेल, ताप नसेल तर ते बहुतेक वेळा आपोआप जातं. तरी दाखवून घ्या, घरच्या घरी मलम नको.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि ती नव्या नाही, जुन्या कपड्यांची आहे. हौसेनं जपून ठेवलेली कुंची, स्वेटर, शाल ट्रंकेतून डांबरगोळ्यांसकट बाहेर येते आणि तशीच बाळाला गुंडाळतात. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं. घरात कोणाला माहीत नसतं. त्या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनमुळे अशा बाळाच्या लाल पेशी फुटतात आणि कावीळ फार वाढू शकते. वास येतोय म्हणजे नॅफ्थलीन आहे. नुसतं एकदा धुऊन भागत नाही. बरेच दिवस उन्हावाऱ्यात टाकून वास पूर्ण गेल्यावर, मग धुवा. तान्ह्या बाळासाठी ते कपडे न वापरणं सगळ्यात चांगलं. बाळाच्या कपाटात डांबरगोळी नकोच.

साबण सौम्य, बिनवासाचा. अँटिसेप्टिक आणि सुगंधी कंडिशनर घालू नका, त्यानेच त्वचा चिडते. धुरी कपड्यांना दिली तरी बाळ त्या खोलीत नको.

आजीची_ट्रंक
डॉक्टर, माझ्या नावातच ट्रंक आहे आणि त्यात गोळ्या आहेत. पणती यायची आहे थंडीत. आजच काढते गोळ्या. त्याऐवजी काय ठेवू? पूर्वी वेखंड आणि कडुनिंबाचा पाला ठेवायचो.

पाळण्याची_दोरी
आजी, कडुनिंबाचा पाला चालेल, पुरचुंडीत बांधून, कपड्याला थेट न लावता. आणि पणतीसाठीचे कपडे आत्तापासून वेगळे काढून वारं लागू द्या.

सातपूरकर
वाळवायचं कोणी सांगितलंच नाही अजून. गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पाणी सोडलंय, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं म्हणे. ऊन काही दिसत नाही.

शेवंती
कमरेपर्यंत आलंय, आत्ता भाऊ बघून आला.

पंख्याखाली दोरी बांधते मी. आधी कोरड्या टॉवेलात गुंडाळून पिळायचं, निम्मं पाणी तिथेच जातं. मग रात्रभर पंखा, सकाळी दोन्ही बाजूंनी इस्त्री. शिवणी आणि लंगोटाच्या नाड्या ओलसर राहतात, त्यावर इस्त्री थोडी जास्त फिरवायची. ओलं घडी केलं की वास आलाच समजा.

भरली_वांगी
इस्त्री हो. बाय द वे रिठ्यानं धुतं का कोणी? आई म्हणते लोकरीला रिठाच.

द्राक्षबाग
हो, स्वेटर-टोपडी रिठ्यानंच. बिया काढून टरफलं रात्री कोमट पाण्यात भिजवायची, सकाळी कुस्करून फडक्यातून गाळायचं. गाळल्याशिवाय वापरलं तर कण अडकतात. डोळ्यांत गेलं तर फार झोंबतं म्हणून नीट विसळायचं.

गोदाकाठ
रिठे लगेच यादीत टाकले. द्राक्षबाग, अंदाजे किती लागतील? लोकरीचे दोन स्वेटर आणि एक कुंची आहे.

द्राक्षबाग
मूठभर बास. उरलेलं पाणी ठेवू नका, दुसऱ्या दिवशी आंबतं.