मदत हवी आहे: कॅम्पर व्हॅन टिनशेडात ठेवू की अंगणात?

नमस्कार मंडळी, आर्वीजवळच्या खेड्यातून लिहितोय. भावानं जुन्या ट्रॅव्हलर मिनीबसची कॅम्पर, म्हणजे आत झोपायची-राहायची सोय असलेली गाडी, करून घेतली. मेळघाट-ताडोबा फिरून आलं की महिनोन्महिने उभीच असते. वावरातल्या टिनशेडात कापूस अन् कुटार (गुरांचा भुसा), म्हणून उंदीर. मागच्या वर्षी त्यांनी ट्रॅक्टरचं वायरिंग कुरतडलं. अंगणात ठेवावी तर मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन. खिडक्यांचं रबर तडकतं, टायरला भेगा पडतात, अन् पावसाळ्यात छताच्या जोडातून पाणी. ताडपत्री घातली तर आत दमट वास धरतो, वाऱ्यानं रंगही घासला जातो. मला तरी वरून टिनं अन् बाजूंनी मोकळं असं छप्परच बरं वाटतं. कोणी बांधलंय का? गाडी साडेनऊ फूट उंच आहे. वादळात टिनं उडू नयेत म्हणून खांब किती खोल गाडले?